‘रामदास’ : एका लहान आगबोटीची कहाणी

खारून नदीच्या काठी वसलेल्या रायपूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. चौबे कॉलनीत वाढणाऱ्या मुलांना दूरचा प्रवास म्हटला की आगगाडीच आठवते. कोकणच्या माणसाला मात्र कित्येक पिढ्या आगबोट आठवत असे. एका बाजूला सह्याद्रीचे कडे, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये पुलांवाचून अडणाऱ्या खाड्या, असा तो मुलूख. संपूर्ण कोकण रेल्वे वाहतुकीला खुली झाली ती १९९८ साली. तोवरच्या काळात मुंबई आणि कोकण यांना जोडणारा धागा या लहान आगबोटींनीच विणला. त्यांतील ‘रामदास’ हे नाव आजही किनाऱ्यावर हलक्या आवाजात उच्चारले जाते.

हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी एकेक बंदरे घेत या बोटी दक्षिणेकडे जात. अनेक ठिकाणी धक्का नसल्याने बोट खोल पाण्यात उभी राहत असे आणि माणसे व माल पडावांतून तिच्यापर्यंत येत. मुंबईहून कापड, धान्य, रॉकेल आणि गिरणीत राबणाऱ्यांनी घरी पाठविलेली गाठोडी जात. कोकणातून आंब्याच्या पेट्या, नारळ, सुपारी आणि सुकी मासळी येई. आंब्याचा हंगाम थोड्या दिवसांचा आणि फळ नाशवंत, म्हणून बोट चुकली की बागायतदाराचे वर्ष चुकले. बोटीच्या पोटात आगवाले बॉयलरमध्ये कोळसा लोटत, वर सुकाणी दिशा सांभाळी आणि सारंग व टंडेल खलाशांकडून काम करून घेत. मे महिन्याच्या अखेरीस समुद्र खवळू लागला की ही लांबची वाहतूक बंद होई आणि पावसाळा ओसरल्यावर पुन्हा सुरू होई. मुंबई बंदरालगतच्या रेवस, धरमतर यांसारख्या जवळच्या फेऱ्या मात्र पावसातही चालत.

या वाहतुकीवर प्रारंभी ब्रिटिश भांडवलाची पकड होती. स्वदेशीच्या भावनेतून तिला आव्हान मिळू लागले. १९१९ साली वालचंद हिराचंद व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंदिया कंपनी स्थापन केली आणि त्याच वर्षी ५ एप्रिल रोजी तिची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. कोकण किनाऱ्यावर हीच भावना सहकाराच्या रूपाने अवतरली. इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनीला लोक आपुलकीने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. त्या नावातील ‘माझी’ हा शब्द बरेच काही सांगून जातो. वारकऱ्यांच्या आणि कष्टकऱ्यांच्या या मुलखात बोटीला संताचे नाव देणे म्हणजे तिला घरातलीच मानणे होते.

‘रामदास’ १९३६ साली ब्रिटनमधील स्वॅन हंटर यांच्या कारखान्यात बांधली गेली. तिची लांबी १७९ फूट, रुंदी २९ फूट आणि वजन सुमारे ४०६ टन. महासागर ओलांडणाऱ्या जहाजांपुढे ती अगदीच लहान होती. पण ज्यांची ने-आण ती करी, त्यांच्या जीवनात तिचे स्थान मोठे होते. तिच्यातून चाकरमानी, कोळी, शेतकरी, व्यापारी आणि माहेरवाशिणी ये-जा करीत. अकरा वर्षे तिने हे काम केले. रोज वेळेवर जाणाऱ्या बोटीची मात्र कुणी नोंद ठेवत नाही.

१७ जुलै १९४७ रोजी आषाढ अमावास्या होती. सकाळी आठच्या सुमारास सुमारे सातशे माणसे घेऊन ‘रामदास’ भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. बंदराबाहेर पाऊस आणि वारा वाढला. काशाच्या खडकाजवळ एका मोठ्या लाटेने बोट कलंडली. घाबरलेले प्रवासी एकाच बाजूला धावले आणि तोल पूर्णपणे गेला. पाऊस अडविण्यासाठी लावलेल्या ताडपत्र्यांत कित्येकजण अडकले. तासाभरापूर्वी धक्का सोडलेली बोट काही क्षणांत बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे प्राणास मुकली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नसल्यामुळे मुंबईला दुपारपर्यंत काहीच कळले नाही. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या वळवून अनेकांना पाण्यातून ओढून काढले.

माणसांचे वजन एका कडेला एकवटले की बोट का उलटते, हे शाळेतील भौतिकशास्त्रही सांगते. पण प्रश्न केवळ तोलाचा नव्हता. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाल्यावर जहाजांच्या सुरक्षिततेसाठी आंतरराष्ट्रीय करार झाले; ते देशोदेशींच्या सागरी प्रवासांसाठी होते. दीड तासाच्या फेरीवर निघालेल्या गरिबांच्या बोटीपर्यंत त्या करारांचा हात पोचला नाही. १९२७ च्या नोव्हेंबरात याच किनाऱ्यावर ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या बोटी बुडाल्या होत्या. त्यानंतरची वीस वर्षे सावध होण्यासाठी पुरेशी होती.

स्वातंत्र्य अवघ्या एकोणतीस दिवसांवर आले होते. देश आनंदोत्सवाच्या तयारीत असताना अलिबाग, पेण परिसरातील कित्येक घरांत त्या वर्षी दिवा लागला नाही. पुढे इतिहासाच्या पुस्तकांत १५ ऑगस्टला मानाचे पान मिळाले. १७ जुलैच्या वाट्याला एखादी ओळही क्वचितच आली.

जे आपले आहे त्याचा अभिमान बाळगणे सोपे असते. त्याची रोजची काळजी घेणे अवघड. ‘माझी आगबोट’ म्हणणाऱ्यांनी अभिमान पुरेपूर दिला, पण संदेशयंत्र राहून गेले. ‘माझी शाळा’ म्हणताना शाळेच्या वास्तूपासून मुलांच्या प्रवासापर्यंत प्रत्येक लहान गोष्टीकडे लक्ष पुरवणे, हाच हीरक महोत्सवी पिढीने त्या अकरा वर्षांच्या बोटीकडून घ्यावा असा धडा आहे.