'लोक' : एका रोजच्या शब्दाचा वृत्तपत्रीय इतिहास

'लोक काय म्हणतील?' हा प्रश्न मराठी माणसाच्या मनात नेहमीच उभा असतो. त्यातील 'लोक' म्हणजे नेमके कोण, हे मात्र तो क्वचितच विचारतो. बोलणारा स्वतः त्या लोकांत नसतो, एवढे निश्चित. 'लोकाचे पोर', 'लोकाचा पैसा' अशा प्रयोगांत तर या शब्दाचा अर्थ सरळच 'परका' असा होतो. बोलणाऱ्याला वगळणारा हा शब्द वृत्तपत्रांच्या हाती पडला आणि शतकभरात सत्तेचे अधिष्ठान सांगणारी संज्ञा बनला. हे स्थित्यंतर कसे घडले, आणि ते पुरे झाले का, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मुद्रणपूर्व मराठीत या शब्दाची अर्थक्षेत्रे अनेक होती. 'त्रैलोक्य', 'परलोक' यांत तो भुवनवाचक आहे. बखरी आणि पेशवेकालीन पत्रे यांत 'लोक' म्हणजे बहुधा पदरी बाळगलेले शिपाई. लोक जमा करणे म्हणजे सैन्य उभारणे. जातीच्या वा प्रदेशाच्या नावापुढे लागून तो समूहही दाखवी. शिपाई या अर्थी लोक कोणाच्या तरी पदरचे असत. समूह या अर्थी ते कोणी तरी बाहेरून पाहिलेले असत. स्वतःच्या नावाने बोलणारे लोक या अर्थव्यवस्थेत बसत नव्हते.

6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले. इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापणाऱ्या या पत्राने एक नवी वस्तू निर्माण केली : संपादकाने न पाहिलेला, तरीही ज्याला उद्देशून लिहावयाचे असा वाचकसमूह. मात्र वाचक आणि लोक या दोन गोष्टी एक नव्हत्या. भाऊ महाजनांच्या 'प्रभाकरा'त 1848 पासून गोपाळ हरी देशमुखांची पत्रे येऊ लागली. 'लोकहितवादी' या त्यांच्या टोपणनावाचे व्याकरण पाहण्याजोगे आहे. त्यात हित लोकांचे आहे, वाद मात्र लेखकाचा आहे. लोकांचे अज्ञान, आळस, रूढिप्रियता यांवर ही पत्रे कठोर प्रहार करतात, ते लोकांविषयी वाचकांपाशी बोलून. मराठीत 'आमचे लोक' आणि 'आपले लोक' असा भेद करता येतो. 'आपले' म्हणताना ऐकणारा आत येतो. 'आमचे' म्हणताना तो बाहेर राहू शकतो. सुधारणावादी गद्याचा सारा ताण या दोन सर्वनामांच्या मधल्या जागेत आहे.

1870 मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणणारा तो सभासद, हा तिचा दंडक होता. लोक आता प्रतिनिधी नेमणारे ठरले. 'केसरी'च्या (1881) राजकीय लेखनात सरकार आणि लोक ही विरोधी जोडी स्थिरावली, आणि टिळकांना मिळालेल्या 'लोकमान्य' या उपाधीत मान देण्याचा अधिकारच लोकांकडे आला. उलट 'सुधारक' (1888) काढणाऱ्या आगरकरांना लोकमत हे विवेकाचे प्रमाण वाटत नव्हते. बहुसंख्यांच्या धाकाविरुद्ध व्यक्तीने उभे राहावे, असा त्यांचा आग्रह होता. एकाच शहरात, एकाच दशकात हा शब्द एकासाठी आधार होता, दुसऱ्यासाठी अडसर.

पण या दोघांच्याही 'लोकां'त कोण नव्हते, हे विचारणारी पत्रे वेगळी होती. 'दीनबंधु'ने (1877) आपले संबोध्य नावातच सांगितले : दीन. 'पुणेवैभव' पत्रातील स्त्रीनिंदेला उत्तर म्हणून ताराबाई शिंद्यांनी 1882 मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. तिच्यामागे सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेवरील बालहत्येचा खटला होता. अशा विधवेला ज्या लोकापवादाचे भय असते, त्यातील लोक कोण? हा शब्द पुल्लिंगी चालतो, हा व्याकरणाचा योगायोग येथे सामाजिक तथ्य होऊन येतो. 1920 मध्ये डॉ. आंबेडकरांनी पत्राला 'मूकनायक' हे नाव दिले. ज्यांचे म्हणणे लोकमतात मोजलेच जात नव्हते, त्यांची स्थिती त्या नावात आहे. पुढे 'बहिष्कृत भारत' (1927) आणि मग 'जनता' (1930) ही नावे आली. मूक, बहिष्कृत, जनता हा क्रम म्हणजे गणनेबाहेरच्यांनी गणनेच्या केंद्रावर सांगितलेला हक्क होय.

स्वातंत्र्यानंतर 'लोकसभा', 'लोकशाही' हे शब्द रुळले आणि प्रश्न मिटल्यासारखा वाटला. समीक्षेच्या परिभाषेकडे पाहिले की तो मिटलेला नाही, हे ध्यानी येते. 'लोकसाहित्य', 'लोककला', 'लोकगीत' या संज्ञांतील लोक कोण? जात्यावर ओवी गाणारी स्त्री लोकांत येते. तिच्या ओवीवर प्रबंध लिहिणारा अभ्यासक येत नाही. राज्यघटनेच्या भाषेत आपण सारे लोक आहोत, परंतु साहित्यविचाराच्या भाषेत लोक अजूनही 'लोकाचे'च आहेत. एकोणिसाव्या शतकातील संपादकांना या विसंगतीचा दोष देणे सोपे आहे. ती आपल्याच अभ्यासविषयाच्या नावात शिल्लक आहे, हे मान्य करणे त्याहून कठीण.