रायव्हल : एकाच पाटावरचे दोघे

'रायव्हल' हा इंग्रजी शब्द आता मराठीतही सर्रास वापरला जातो. क्रिकेट असो, निवडणूक असो की बाजार, समोरचा तो रायव्हल. आपण त्याचा अर्थ प्रतिस्पर्धी असा सांगतो आणि मनात मात्र शत्रू असाच धरतो. पण हा शब्द रणांगणावरून आलेला नाही. तो पाण्याच्या पाटावरून आला आहे.

लॅटिन भाषेत 'रीवुस' म्हणजे ओढा किंवा पाट. एकाच पाटाचे पाणी घेणारा तो 'रीवालिस'. इ.स. 533 मध्ये सम्राट जस्टिनियनने रोमन कायद्याचा 'डायजेस्ट' हा संग्रह जारी केला. त्यात उल्पियन या जुन्या कायदेपंडिताचे मत नोंदवलेले आहे. एका पाटावरच्या दोघांत पाण्यावरून तंटा झाला आणि दोघेही आपलाच हक्क सांगू लागले, तर मनाईहुकूम मागण्याची मुभा दोघांनाही आहे. म्हणजे भांडण गृहीत होते, पण पाट दोघांचा आहे हेही गृहीत होते.

इ.स.पूर्व 200 च्या सुमारास प्लॉटसच्या नाटकांत हाच शब्द एकाच स्त्रीवर प्रेम करणाऱ्या दोघांसाठी येतो. पुढे इंग्रजीतही तोच अर्थ रुळला. तरी जुना ओलावा लगेच आटला नाही. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये पहिल्याच प्रवेशात पहारेकरी आपल्या सोबत्यांना 'रायव्हल' म्हणतो. 1603 च्या छापील प्रतीत त्याच जागी 'पार्टनर' असा शब्द आहे.

इथे मला उर्दूतला 'रकीब' आठवतो. गझलेत रकीब म्हणजे प्रेमातला प्रतिस्पर्धी. मूळ अरबीत मात्र रकीब म्हणजे लक्ष ठेवणारा, राखण करणारा. अल्लाहच्या नावांपैकी हे एक नाव, आणि कुरआनात सूरह निसाच्या पहिल्याच आयतीत ते आले आहे. त्याच आयतीत सर्व माणसे एकाच जिवापासून निर्माण झाल्याचे सांगितले आहे. एक शब्द पाटावरून निघाला, दुसरा पहाऱ्यावरून. दोघेही भागीदारी आणि राखण मागे टाकून वैराच्या दाराशी येऊन थांबले.

असे का व्हावे? पाणी कमी पडले की वाटेकरी डोळ्यांत खुपतो, हे उघड आहे. पण धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत शेतकऱ्यांनी त्यावर पाळीचा उपाय काढला होता. पाटकरी ठरल्या क्रमाने पाणी सोडी. पाळीवरून कुरबुरी होत असतील, पण शेजाऱ्याला हाकलून पाट राखता येत नाही, हे सर्वांना कळत होते. बंधारा फुटला तर तो दोघांनाच बांधायचा असतो.

आज नोकऱ्या, जागा, शिक्षण यांची टंचाई आहे. अशा वेळी एका वस्तीला दुसरी वस्ती रायव्हल म्हणून दाखवणारे पुष्कळ भेटतात. त्यांना शब्दाचा मूळ अर्थ जरूर सांगावा. होय, आम्ही रायव्हल आहोत, कारण आमचा पाट एकच आहे. भांडायचेच तर पाळीवरून भांडू. पाणी वरच्या अंगाला कोण अडवतो आहे, हे मात्र दोघांनी मिळून जाऊन पाहू.