अखेरचे वस्त्र

वडील गेले त्या दिवशी कोरे कापड आणायला मीच गेलो होतो. दुकानदाराने माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता पांढऱ्या कापडाचे ठाण काढून फाडून दिले. भाव त्याने सांगितला नाही, मी विचारला नाही. कापड फाटतानाचा तो आवाज मात्र कानात राहिला.

पुढे कधीतरी इंग्रजी कोश चाळताना ‘श्राउड’ या शब्दाशी थांबलो आणि तो आवाज पुन्हा ऐकू आला. कारण फाडलेला तुकडा, चिंधी या अर्थाचा ‘श्रेड’ हा शब्द त्याचाच भाऊबंद आहे. आज श्राउड म्हणजे प्रेतवस्त्र. परंतु जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता पोशाख, तोही जित्या माणसाचा, एवढाच होता. जहाजाच्या डोलकाठीला दोन्ही अंगांनी ताणून धरणाऱ्या दोरांनाही हेच नाव आहे. तो जणू जहाजाचा साज. मृताचे वस्त्र हा अर्थ रूढ झाला तो सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

शब्द मृतांकडे गेला, तरी व्यवहार जिवंतांचाच राहिला. इंग्लंडातल्या लोकरीच्या धंद्याला हात द्यावा म्हणून 1666 साली कायदा झाला, की प्रेत लोकरीच्याच कापडात पुरावे. तो कोणी फारसा मानीना, म्हणून 1678 साली तो अधिक कडक केला. पुरल्यापासून आठ दिवसांत तसे शपथपत्र द्यायचे; नाहीतर दंड पाच पौंड. त्यातला अर्धा गावच्या गरिबांना, अर्धा चुगली करणाऱ्याला! सधन घरांतून दंड भरून तलम कापड वापरीत. कधी घरचाच माणूस चुगली करी आणि अर्धा दंड घरात परत येई. अॅन ओल्डफील्ड ही नामांकित नटी 1730 साली वारली, तेव्हा तिला ब्रुसेल्सच्या लेसनिशी पुरले होते. हा कायदा अखेर 1814 साली रद्द झाला.

आपल्याकडे शब्दाचा प्रवास नेमका उलटा झालेला दिसतो. अरबी ‘कफन’ म्हणजे मृताचे वस्त्र. त्यावरून आलेली ‘कफनी’ मात्र फकिराच्या अंगावर चढली, गोसाव्याच्या अंगावर चढली. शिर्डीच्या साईबाबांची कफनी कोणाला ठाऊक नाही? इंग्रजांनी जित्याचा पोशाख मेलेल्याला दिला. आपण मेलेल्याचा पोशाख जित्याला दिला. ज्याने संसाराचे पाश सोडले, त्याने अखेरचे वस्त्र आधीच अंगावर घ्यावे, असाच त्याचा अर्थ मी लावतो.

तो लावायला मला कोशाची गरज नव्हती. आमच्याकडे प्रेतवस्त्रातलीच एक पट्टी फाडून क्रिया करणाऱ्याच्या खांद्यावर देतात. वडिलांच्या कापडाची ती पट्टी दहा दिवस माझ्या अंगावर होती. ते वस्त्र त्यांचे की माझे, हे तेव्हा मला सांगता आले नसते. आजही येत नाही.