जाळरेषा

इटियाडोह धरणाच्या परिसरात, गोठणगावकडच्या जंगलात मार्च लागला की मोहाखालचा पाचोळा पेटवतात. मोकळ्या जमिनीवर पडलेली फुलं पटकन दिसतात. पण वारा फिरला की तीच आग वणवा होऊन घराच्या कुंपणाशी येते.

आमचा भाग इंग्रजांच्या काळी मध्य प्रांतात होता. त्याच प्रांतात, सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात, 1860च्या दशकात वनाधिकारी पिअर्सनने वणवा रोखून दाखवला. पुढे जाळरेषा रूढ झाल्या: एका पट्ट्यातलं गवत आधीच जाळून टाकायचं, म्हणजे वणव्याला पुढे खायला काही उरत नाही. 1927च्या वन कायद्याच्या कलम 26नुसार राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे.

माझ्या आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. उन्हाळ्याआधी ती घराभोवतीचं गवत कापायची, छपरावरचा पाचोळा काढायची. मोहाखाली काडी न ओढता झाडू मारायची. तेवढी सवड तिला होती, हेही सांगायला हवं. ज्यांची चूल फुलांवर चालते, त्यांना पहाटे झाडत बसायला वेळ कुठला? कायद्याला ही घाई दिसत नाही.

आजी गेली. तणसाचा ढीग मात्र आम्ही अजून गोठ्यापासून वीस पावलं लांबच रचतो.