मामांची आरती आणि आठ ट्रॅक

गेल्या चवथीच्या आधी बडोद्याहून मावसभावाचा फोन आला. "अरे, मामांचा आवाज असा बारीक का झालाय? आणि आरती कोणी मागे लागल्यासारखी का पळतेय?"

मी पाठवलेले ट्रॅक त्याने मिक्सिंगसाठी आपल्या प्रोग्राममध्ये उघडले होते. मामा काळी एकात गायचे. बडोद्याला तो सूर पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध लोंबकळत होता.

कारण साधेच निघाले. आम्ही २००७ साली रेकॉर्डिंग केले ते सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन. त्याचा प्रोजेक्ट ४८,००० वर लावलेला. नमुने तेच, वाचण्याचा वेग मात्र जास्त. त्यामुळे सूर साधारण दीड पट्टी चढला आणि दहा मिनिटांची आरती नऊ मिनिटे अकरा सेकंदांत आटोपली! सेटिंग बदलल्यावर मामा परत काळी एकवर आले.

पण हे ट्रॅक बडोद्यापर्यंत पोचले कसे, ती गोष्ट मोठी आहे.

त्या वर्षी फोंड्याच्या घरी आम्ही आठ माईक लावले होते. दोन घुमटांना दोन, शामेळाला एक, कासाळ्याला एक, पेटीला एक, मामांना एक आणि मागे ओढणाऱ्या मंडळींना दोन. थांबत, परत म्हणत, चहा घेत चाळीसेक मिनिटांचे काम झाले. मिक्सिंग 'पुढच्या चवथीला' करू म्हणून राहून गेले. २०११ साली मामा गेले. मधल्या काळात आमचा तो प्रोग्राम बनवणारी कंपनीही बंद पडली. नव्या संगणकावर प्रोजेक्टची फाइल उघडेना. फोल्डरमध्ये नुसते आकडे लिहिलेले आवाजाचे शंभरावर तुकडे. कुठला तुकडा कुठे बसवायचा?

टेपच्या जमान्यात ही पंचाईत नव्हती. अँपेक्स कंपनीने १९५७ साली लेस पॉल या गिटारवादकासाठी आठ ट्रॅकचे यंत्र बनवले. पुढे दोन इंच रुंदीच्या टेपवर चोवीस ट्रॅक मावू लागले. ते रीळ बगलेत मारून दुसऱ्या स्टुडिओत न्यावे, तिथे तसेच यंत्र असले की वाजते. डब्यात एक कागद असे, कुठल्या ट्रॅकवर कुठले वाद्य ते लिहिलेला. बास! अलेसिसचे एडॅट यंत्र १९९२ साली बाजारात आले, तेव्हा आठ ट्रॅक एस-व्हीएचएस कॅसेटवर बसले आणि घरच्या घरी काम करणारे ती कॅसेट चक्क पोस्टाने मित्राला पाठवू लागले.

संगणक आला आणि गंमत झाली. सोय वाढली, पण प्रवास अवघड झाला. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये बहुधा आवाज नसतोच. असते ती यादी: अमुक फाइलचा तमुक तुकडा इथून तिथवर, आवाज एवढा, इफेक्ट असा. आणि ही यादी प्रत्येक प्रोग्राम आपापल्या खाजगी भाषेत लिहितो. आपल्याकडे घरोघरी जमिनीचे पोर्तुगीज कागद असतात ना, तसे. कागद आपलेच, पण वाचायला दुसरा माणूस लागतो.

यावर पहिला मोठा तोडगा संगीतवाल्यांनी नव्हे, चित्रपटवाल्यांनी काढला. चित्राचे संकलन एकीकडे आणि ध्वनीचे दुसरीकडे, त्यामुळे अदलाबदलीची गरज त्यांना जास्त. अ‍ॅव्हिडने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ओएमएफ हा प्रकार आणला. त्यात तुकडे आणि त्यांच्या जागा जात, पण इफेक्ट वगळून. शिवाय फाइलला दोन जीबीची मर्यादा. आमच्या रेकॉर्डिंगचा हिशेब करा: २४ बिटला एका ट्रॅकच्या एका मिनिटाला सुमारे ८ एमबी. आठ ट्रॅक, चाळीस मिनिटे म्हणजे अडीच जीबी. मामा एका ओएमएफमध्ये मावलेच नसते! पुढे एएएफ आले, त्यात ही मर्यादा राहिली नाही. २०२३ साली बिटविग आणि प्रीसोनस यांनी डॉप्रोजेक्ट नावाचा खुला प्रकार काढला. त्यात प्लगिनच्या सेटिंग्जही जातात, अर्थात दोन्हीकडच्या प्रोग्रामना तो कळत असेल तर.

आम्हाला वाचवले ते मात्र याहून साध्या गोष्टीने, आणि ती रेडिओवाल्यांची. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९९७ साली ब्रॉडकास्ट वेव्ह ठरवली. नेहमीचीच वेव्ह फाइल, पण पोटात एक छोटी चिठ्ठी: हा तुकडा शून्यापासून कितव्या नमुन्यावर सुरू होतो. दोन मिनिटांनी सुरू होणाऱ्या तुकड्यावर, ४४,१०० च्या हिशेबाने, ५२,९२,००० हा आकडा. ज्या प्रोग्रामला चिठ्ठी वाचता येत नाही, तो ती सोडून आवाज वाजवतो.

आमच्या त्या मेलेल्या प्रोग्रामने रेकॉर्डिंग करतानाच या चिठ्ठ्या लिहून ठेवल्या होत्या. नव्या प्रोग्राममध्ये सगळे तुकडे निवडून 'मूळ वेळेवर ठेवा' म्हटले आणि ते टपटप आपापल्या जागी जाऊन बसले. नंतर केलेली कापाकापी, कमीजास्त केलेले आवाज, सगळे गेले. पण वाजले होते ते सगळे मिळाले. मग मी प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटपर्यंत एकसंध वेव्ह करून काढला, नावे दिली आणि बडोद्याला पाठवला. सोबत नमुन्यांचा आकडा लिहायचा राहिला, त्याची शिक्षा वर सांगितलीच.

तेव्हा घरी कोणाचे गाणे, भजन, आरती रेकॉर्ड केली असेल तर एवढे आजच करा. प्रत्येक ट्रॅक शून्यापासून, एकाच लांबीचा, साध्या वेव्हमध्ये. नाव 'घुमट-१', 'पेटी' असे. आणि टेपच्या डब्यातल्यासारखा एक कागद: नमुने किती, बिट किती, गाणारे कोण.

मिक्स झालेली आरती यंदाच्या चवथीला माटोळीखाली बसून ऐकली. सुरुवातीला मामा खाकरतात आणि घुमटवाल्याला म्हणतात, "सावकाश रे." भावाने विचारले होते, हे कापू का? मी म्हटले, राहू दे.