सहा हजार पाने, पाच महिने

दस्तऐवज-स्वरूप म्हणजे मजकूर, तक्ते आणि चित्रे संगणकाच्या फाइलमध्ये कोणत्या रचनेने साठवावीत याचे नियम. हे नियम एकाच कंपनीच्या हाती राहिले, तर जुनी कागदपत्रे वाचणेही तिच्या मर्जीवर अवलंबून राहते. २००६ मध्ये ‘ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट’ला आयएसओ आणि आयईसी या मानक संस्थांची मान्यता मिळाली, त्याच वर्षी डिसेंबरात एक्मा इंटरनॅशनल या संस्थेने मायक्रोसॉफ्टचे ‘ऑफिस ओपन एक्सएमएल’ स्वीकारले आणि तेही आंतरराष्ट्रीय मान्यतेसाठी पुढे पाठवले.

त्यासाठी निवडलेली ‘फास्ट ट्रॅक’ प्रक्रिया, म्हणजे अन्यत्र तयार झालेले मानक समितीतील आरंभीचे टप्पे गाळून थेट राष्ट्रीय संस्थांच्या मतदानास ठेवण्याची सोय, इतक्या अवाढव्य मसुद्याला मुळीच पेलणारी नव्हती. सुमारे सहा हजार पाने पाच महिन्यांत तपासायची होती. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रणालीपासून चालत आलेली, १९०० हे वर्ष लीप मानण्याची चूकसुद्धा जुन्या फाइलींच्या सोयीसाठी त्यांत नियम होऊन बसली होती.

मंजुरीसाठी सहभागी सदस्यांची दोन-तृतीयांश मते अनुकूल असावी लागत, आणि एकूण मतांत विरोध एक-चतुर्थांशाहून अधिक चालत नसे. तटस्थ मते या हिशेबात धरली जात नसत. सप्टेंबर २००७ मध्ये सहभागी सदस्यांच्या ३२ पैकी १७ मतेच अनुकूल पडली, एकूण मतांतील विरोधही २६ टक्क्यांवर गेला. भारतीय मानक ब्युरोचे मत विरोधात होते. स्वीडनमध्ये एका सहभागी संस्थेने एकाहून अधिक मते दिल्याचे उघड झाल्याने राष्ट्रीय निर्णयच रद्द करावा लागला.

आलेल्या साडेतीन हजारांहून अधिक हरकतींवर एक्माने तयार केलेली हजारावर उत्तरे फेब्रुवारी २००८ मध्ये जिनिव्हाच्या पाच दिवसांच्या बैठकीपुढे आली. त्यांतील मोजक्यांवरच चर्चा होऊ शकली आणि उरलेली एकगठ्ठा मतास टाकली गेली, तेव्हा बहुतेक शिष्टमंडळे तटस्थ राहिली. एकमताच्या नावाने चालणाऱ्या व्यवस्थेत याला संमती म्हणणे अवघडच. तरीही मार्चअखेर ३२ पैकी २४ सहभागी सदस्य अनुकूल झाले. नॉर्वेने तर आपल्याच तज्ज्ञ समितीतील बहुमताविरुद्ध होकार दिला आणि पुढे त्या समितीतील अनेकांनी राजीनामे दिले.

ब्राझील, भारत, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांची अपिले ऑगस्टमध्ये फेटाळली गेली आणि नोव्हेंबर २००८ मध्ये आयएसओ/आयईसी २९५०० प्रकाशित झाले. त्यात जुन्या फाइलींचा वारसा सांभाळणारे ‘ट्रान्झिशनल’ आणि तो वगळणारे ‘स्ट्रिक्ट’ असे दोन प्रकार करण्यात आले. स्वतः मायक्रोसॉफ्टचे ऑफिस मात्र दुसऱ्या प्रकारात फाइल जतन करू लागले ते २०१३ च्या आवृत्तीपासून.