घेतला नेम, झालं उद्यापन : मराठी घरांतल्या वर्षसंकल्पांचा इतिहास

डिसेंबर संपत आला की संकल्पांच्या याद्या सुरू होतात. रोज एक चित्र, महिन्याला एक पुस्तक, आठवड्याला एक किल्ला. ही चाल इंग्रजी वर्षाबरोबर आली, असा सर्वसाधारण समज आहे. तारीख इंग्रजांबरोबर आली हे खरे. पण ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक मापाचे, आपल्याला झेपेल असे काहीतरी स्वतःहून अंगावर घेण्याची पद्धत इथे फार जुनी आहे. तिला शब्दही नेमके आहेत : वसा, नेम, संकल्प, उद्यापन. हा धागा त्या पद्धतीविषयी आहे.

सुरुवात ताथवड्यापासून. आज महामार्ग, महाविद्यालये आणि उंच इमारती यांनी ओळखले जाणारे हे गाव पवना आणि मुळा या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. चिंचवडचे गणेशभक्त मोरया गोसावी यांची पत्नी उमाबाई ही ताथवड्याच्या कुलकर्ण्यांची लेक, असे परंपरा सांगते. मोरया गोसावींच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पण त्यांच्या नेमाविषयी परंपरा ठाम आहे. दर महिन्याच्या चतुर्थीला चिंचवडहून मोरगावला जायचे. आजच्या रस्त्याने हे अंतर सुमारे ऐंशी किलोमीटर भरते.

या कथेतला पुढचा भाग अधिक लक्षात घेण्याजोगा आहे. वय झाले, चालवेना. तेव्हा देवानेच दृष्टान्त दिला की आता तू येऊ नकोस, मीच तुझ्याकडे येतो. आणि कऱ्हा नदीत स्नान करताना मोरयांच्या हाती मूर्ती आली. ती चिंचवडला आणली गेली. कथेची ऐतिहासिकता बाजूला ठेवू. परंपरेने नेम मोडल्याचा दोष भक्तावर ठेवला नाही, तर नेमाचे मापच बदलून दिले, ही गोष्ट मात्र कथेतच आहे. चिंचवडहून मंगलमूर्तींची पालखी आजही मोरगावला जाते. पण दरमहा नव्हे, भाद्रपद आणि माघ या दोन महिन्यांत.

आता 'नवीन वर्ष' म्हणजे कोणते, हा प्रश्न. मराठी मुलुखात वर्षाला एकच दार नव्हते. चैत्र शुद्ध प्रतिपदेला शालिवाहन शक बदले. दिवाळीतल्या पाडव्याला व्यापाऱ्यांच्या नव्या चोपड्या सुरू होत. पेशवाईच्या कागदपत्रांत आढळणारा शुहूर सन सूर्य मृग नक्षत्रात शिरला की, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास, पालटे. म्हणून त्याला मृगसालही म्हणत. शेतकऱ्याचे वर्ष पेरणीपासून, वाण्याचे खातेवहीपासून. शिवाय १६७४ मध्ये राज्याभिषेक शक सुरू झाला, तो ज्येष्ठ महिन्यातला. मोडी कागद वाचायला शिकणाऱ्यांना या गुंत्याने अजूनही घाम फुटतो. परंतु जगणाऱ्यांच्या दृष्टीने त्यात एक सोय होती : एक आरंभ हुकला तर दुसरा फार दूर नसे.

संकल्प या शब्दाचा मूळ विधीही पाहण्यासारखा आहे. पूजेच्या आधी हातात पाणी घेऊन कर्ता आपण कुठे आहोत आणि केव्हा आहोत हे उच्चारतो : कोणता शक, साठांपैकी कोणता संवत्सर, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार. पुणे परिसरातला मनुष्य 'गोदावरीच्या दक्षिण तीरावर' असे स्वतःचे ठिकाण सांगतो. मग नाव, गोत्र, आणि शेवटी काय करणार ते. 'कधीतरी करीन' या वाक्याला त्या रचनेत जागाच नाही.

अशा नेमांचा खरा हंगाम मात्र चैत्र नव्हे, चातुर्मास. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतचे हे चार महिने. पावसात वाटा बंद, प्रवास अवघड, म्हणून एका जागी थांबून काही साधायचे, ही कल्पना बौद्ध वर्षावासात आणि जैन चातुर्मासातही आहे. देहूरोडजवळच्या घोरावडेश्वराच्या डोंगरातली बौद्ध लेणी ताथवड्यापासून फार लांब नाहीत. पाऊस लागला की भिक्षूंनी फिरती थांबवावी, हा नियम अशाच निवाऱ्यांत पाळला जाई.

गृहस्थांच्या घरी हाच काळ कांदा, लसूण, वांगी सोडण्याचा. पण सोडण्याआधी दोन दिवस, आषाढ शुद्ध नवमीला, कांद्याचे जेवढे प्रकार करता येतील तेवढे करून खायचे. हीच कांदेनवमी! त्यागाच्या उंबरठ्यावर यथेच्छ भजी खाणाऱ्या या समाजाला व्रतवैकल्यांत रुक्ष कसे म्हणावे?

सोडण्याच्या नेमांहून करण्याचे नेम अधिक रंजक आहेत. गोपद्मांचा वसा घ्या. रोज रांगोळीने गायीच्या पावलांची तेहतीस चिन्हे काढायची, चातुर्मासभर, आणि असे पाच वर्षे, मग उद्यापन. लाखोलीत एक लाख फुले, दूर्वा किंवा बेलाची पाने वाहायची. लाख वाती हाही तसाच नेम, कापूस हाताने वळून. चातुर्मास साधारण ११८ दिवसांचा असतो. म्हणजे लाख पुरे करायला रोज सुमारे साडेआठशे वाती हव्यात. दुपारच्या गप्पांत, चार हात मदतीला असताना, ते जमण्याजोगे होते. मध्येच अधिक महिना आला, जसा २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, तर रोजचा वाटा सातशेच्याही खाली येतो. हिशेब तोंडी होता, पण होता.

वर्षारंभाला जोडलेला नेम म्हणजे चैत्रांगण. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते, तेव्हापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत अंगणात रोज रांगोळी : चंद्र, सूर्य, शंख, कमळ, कासव, नाग, तुळशीवृंदावन, पालखी, अंबारीचा हत्ती, आणि मध्ये झोपाळ्यातली गौर. आज काढायचे, उद्या झाडून टाकायचे, पुन्हा काढायचे. महिनाभरात हात वळतो. ज्या मुलीच्या हाती पाटीपेन्सिल कधी दिली गेली नाही, तिचा रेखाटनाचा एवढाच वर्ग होता.

तुलनेला एक परदेशी उदाहरण. लंडनच्या नौदल कचेरीतला अधिकारी सॅम्युअल पेपीस याने १६६१ च्या अखेरीस नाटक आणि मद्य वर्ज्य करण्याची शपथ घेतल्याची नोंद आपल्या रोजनिशीत केली. पुढे शपथा मोडल्याबद्दल तो स्वतःला दंड करून घेत राहिला आणि ते पैसे गरिबांच्या पेटीत टाकत राहिला. (मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला देऊ करणारा विवाहकरार त्याच १६६१ सालचा.) पेपीसचा संकल्प त्याच्या एकट्याचा, त्याच्या वहीतला. गोपद्मांचा वसा मात्र साऱ्या आळीला दिसत असे.

इथवरचे चित्र गोड आहे. पण ते अपुरे आहे. संकल्प करण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न त्यात दडलेला आहे. मनुस्मृती स्त्रीला स्वतंत्र व्रत वा उपवास नाकारते. पुढच्या निबंधकारांनी व्रतांचे दार उघडले, पण पिता, पती वा पुत्र यांच्या अनुमतीची अट ठेवली. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात 'चतुर्वर्गचिंतामणी'च्या व्रतखंडात व्रतांचा अवाढव्य संग्रह केला. वर्षभराचे काही स्वतःसाठी ठरवायचे तर स्त्रीला उपलब्ध चौकट हीच. म्हणून तिने ती वाती, रांगोळ्या आणि कहाण्यांनी भरून काढली. हा तिचा अवकाशही होता आणि त्याची हद्दही.

शिवाय उद्यापनाला खर्च लागे : भोजन, दान, दक्षिणा. महात्मा फुले यांनी १८५५ मध्ये लिहिलेल्या 'तृतीय रत्न' नाटकात नेमके हेच आहे. एक जोशी गरोदर कुणबी स्त्रीला ग्रहांचे भय घालतो, अनुष्ठानाच्या निमित्ताने त्या गरीब जोडप्याला लुबाडतो. नाटकाच्या अखेरीस नवराबायको वेगळाच निश्चय करतात : फुल्यांच्या रात्रशाळेत जाऊन लिहायला-वाचायला शिकायचे. मराठी साहित्यातल्या संकल्पांच्या इतिहासात या प्रसंगाला मानाचे स्थान मिळायला हवे, ते अद्याप मिळालेले नाही.

अक्षरे शिकण्याचा हा नेम पांढरपेशा घरांतही सोपा नव्हता. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, रमाबाई न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आल्या. पतीने शिकवायला सुरुवात केली आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा रोष सुरू झाला. लाख वातींना जे घर कौतुकाने हात लावी, तेच घर धड्याला नाके मुरडत होते. तरीही अभ्यास चालू राहिला, आधी मराठी, मग इंग्रजी. ती सारी हकिकत रमाबाईंनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात स्वतः लिहिली. पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी पुण्यात सेवासदनाचे काम सुरू केले होते, आणि तिथे वर्गात येऊन बसणाऱ्या अनेकींनी वयाने मोठे झाल्यावर प्रथमच पाटी हातात घेतली होती.